नोंदवहीचे इमान

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाने शंभर वर्षे पूर्ण केली की त्याच्या वैभवाचा हिशेब दाखलनोंद वहीवरून मांडला जातो. ग्रंथ किती आले, भेट कोणी दिले, दुर्मिळ किती, हे त्या वहीत असते आणि शताब्दीच्या अहवालात ते अभिमानाने छापलेही जाते. पण प्रत्येक ग्रंथालयात आणखी एक वही असते, जिचा उतारा कोणत्याही अहवालात येत नाही. ती देवघेवीची वही. कोणत्या सभासदाने कोणत्या तारखेस कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले, एवढेच तीत लिहिलेले असते. परंतु एखाद्या माणसाच्या दहा-वीस वर्षांच्या अशा नोंदी सलग वाचल्या तर त्याच्या मनाचा नकाशाच हाती येतो. त्याची श्रद्धा, शंका, आजारपण, संसारातील अडचण, राजकीय कल, सारे त्यातून उमगते. ही वही कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये, हा प्रश्न वरवर ग्रंथालयाच्या कारभाराचा वाटतो; वस्तुतः तो नागरिकाच्या स्वातंत्र्याचा आहे. सरकार आणि मालक यांच्या हाती आज माणसाच्या अशा शेकडो नोंदवह्या आल्या आहेत. त्यांचा विचार करण्यास ग्रंथालयाच्या या साध्या वहीपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

जुन्या पद्धतीत प्रत्येक सभासदाच्या नावे वहीचे एक पान असे. पान भरले की पुढचे पान, वही भरली की दुसरी वही, आणि भरलेल्या वह्या माळ्यावर. १८९५ च्या सुमारास अमेरिकेतील नीना ब्राऊन या ग्रंथपाल महिलेने निराळी पद्धत रूढ केली. तीत प्रत्येक पुस्तकाचे एक छोटे पत्रक असते आणि प्रत्येक वाचकापाशी पाकिटासारखी तिकिटे असतात. पुस्तक नेताना त्याचे पत्रक वाचकाच्या तिकिटात सरकवायचे आणि तारखेच्या क्रमाने पेटीत ठेवायचे. पुस्तक परत आले की पत्रक पुस्तकात जाते, तिकीट वाचकाच्या हातात पडते, आणि त्या वाचकाने ते पुस्तक नेले होते याची कोणतीही खूण मागे उरत नाही. भारतातील अनेक ग्रंथालयांनी ही पद्धत दीर्घकाळ वापरली. पुस्तक परत येईपर्यंत आठवण ठेवायची आणि नंतर विसरून जायचे, ही शिस्त त्या लाकडी पेटीच्या रचनेतच होती. ग्रंथालयाचे काम पुस्तक सांभाळण्याचे. वाचकावर नजर ठेवण्याचे नव्हे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीला या शिस्तीचे मोल अधिक कळावे. अशा गावांत चार-दोन गल्ल्यांत सगळ्यांची ओळख असते. लिपिक आणि सासरे एकाच भिशीत, ग्रंथपाल आणि साहेब एकाच गणेशोत्सव मंडळात. घटस्फोटाच्या कायद्याचे, क्षयरोगाचे किंवा परधर्माचे पुस्तक मागताना एखाद्या सुनेची, एखाद्या कारकुनाची जीभ अडखळते ती उगाच नव्हे. सीमाभागात भाषेचा वाद पेटलेला असताना मराठी वृत्तपत्र कोण वाचतो, ही साधी बाबही कोणाच्या तरी उपयोगाची माहिती ठरू शकते. आणि आपण पाहिले जात आहोत या नुसत्या संशयानेही माणूस पुस्तक मागण्याचे टाळतो. त्याला कोणी अटक केलेली नसते, पुस्तकावर बंदी नसते; तरी ते पुस्तक वाचले जात नाही. पाळतीचा पहिला परिणाम असा निःशब्द असतो.

परकीय सत्तांना हे ठाऊक होते. इंग्रजी अमलात १८८५ च्या तार कायद्याने तारा अडवून वाचण्याचा आणि १८९८ च्या टपाल कायद्याने टपाल अडवण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी आली. गोव्यात सालाझारच्या राजवटीत छापील मजकूर आधी तपासनिसाकडे जाई. लग्नपत्रिकादेखील त्यातून सुटत नसे. १९४७ मध्ये आणि गोव्यात १९६१ मध्ये राजवटी बदलल्या. परंतु भारतातील पोलिसांची नियमपुस्तके आणि तारेचा कायदा मात्र जुनाच राहिला. म्हणून स्वतंत्र भारतातील खाजगीपणाच्या लढ्याला आरंभ झाला तो पोलिसांच्या एका वहीवरून.

उत्तर प्रदेशातील खरक सिंग या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपाखाली पकडण्यात आले होते. पुरावा नसल्यामुळे तो सुटला. पण पोलिसांनी त्याच्या नावाने एक कायमची फाइल उघडली आणि त्याच्यावर पाळत सुरू केली. घरावर गुप्त नजर ठेवावी, रात्री घरी जाऊन खात्री करावी, त्याचे येणे-जाणे टिपावे, असे अधिकार पोलीस नियमांत होते. शिपाई अपरात्री दाराशी येऊन हाका मारत. सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनी डिसेंबर १९६२ मध्ये रात्रीच्या भेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरवल्या. बाकी पाळत कायम राहिली, कारण खाजगीपणा हा घटनेने दिलेला हक्कच नाही असे बहुमत पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांच्यासह, वेगळे मत नोंदवले. सतत नजरेखाली असलेला माणूस हिंडता-फिरता दिसत असला तरी मोकळा नसतो आणि पाळतीची ही सारीच व्यवस्था घटनेशी विसंगत आहे, असा त्याचा आशय होता. ते मत अल्पमतात गेले, पण विस्मरणात गेले नाही.

१९७५ मध्ये मध्य प्रदेशातील गोविंद नावाच्या माणसाचे असेच प्रकरण न्यायालयात आले. नियम तसेच, फाइल तशीच. न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्या निकालाने नियम रद्द केले नाहीत. मात्र खाजगीपणाचा हक्क असू शकतो हे गृहीत धरले आणि पाळतीचे अधिकार वाटेल त्या माणसावर चालवू नयेत अशी समज दिली. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे ठरवले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. या नावाचा संदर्भ पुढे येणार आहे.

माणसाच्या घरापेक्षा त्याच्या दूरध्वनीत शिरणे अधिक सोपे. दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या आरोपांवरून कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. राजकीय पुढाऱ्यांचे दूरध्वनी ऐकले जात असल्याचे प्रकरण पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात नेले आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यास सरसकट मनाई केली नाही. त्याने शिस्त घातली: हुकूम एरवी केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवानेच काढावा, त्याची मुदत दोन महिने असावी, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासावा. हुकूम काढणारे आणि तपासणारे दोघेही शासनाचेच अधिकारी, ही त्यातील उणीव तेव्हाही होती आणि पुढील नियमांतही राहिली.

या साऱ्या प्रकरणांत नागरिकाचे घर वा त्याचे संभाषण पणाला लागले होते. आपल्या वहीच्या प्रश्नाला थेट हात घालणारा निकाल हैदराबादच्या एका प्रकरणात लागला. मुद्रांक शुल्क चुकवले आहे की काय हे पाहण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणाही माणसाला बँकेत शिरून कागदपत्रे तपासण्याचा अधिकार आंध्र प्रदेशाने कायद्यात घातला होता. ग्राहकाने आपले कागद बँकेच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यांवरचा त्याचा खाजगीपणाचा हक्क संपला, असा युक्तिवाद होऊ शकत होता. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो मान्य केला नाही. खाजगीपणा माणसाला चिकटलेला असतो, जागेला नव्हे. माणसाने विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेल्या कागदापर्यंत तो पोहोचतो, हे या निकालाचे सार. ठेव एका कामासाठी दिली, तर ती त्याच कामापुरती. सावकारी आणि बँकेच्या व्यवहारात मराठी माणसाला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. नोंदीच्या बाबतीत मात्र त्याचे विस्मरण होते.

अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरक सिंग प्रकरणातील विरुद्ध मत त्याने रद्द ठरवले. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा, आपल्या वडिलांचा सहभाग असलेला निकाल गंभीर चुकीचा होता असे लिहून तो मोडीत काढला. सरकारला नागरिकाच्या खाजगीपणात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू उचित हवा आणि हस्तक्षेप त्या हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी या निकालाने दिली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पाळत नसेल तर देश सुरक्षित कसा राहील? नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांना सीमेपलीकडून दूरध्वनीवर मिळणाऱ्या सूचना आपल्या यंत्रणांनी ऐकल्या आणि मुद्रित केल्या. त्या मुद्रणांतून कटाचा धागा जगापुढे आला. अशा प्रसंगी ऐकणे हे सरकारचे कर्तव्यच ठरते. पण त्या ऐकण्यामागे निश्चित संशय होता, निश्चित क्रमांक होते आणि निश्चित कारण होते. असा धागा हाती नसताना सगळ्यांच्याच नोंदी साठवून ठेवायच्या आणि पुढे कधीतरी लागतील म्हणून जपायच्या, हा निराळा व्यवहार आहे. त्यात प्रत्येक नागरिक खरक सिंग होतो, फक्त दारावर थाप पडत नाही.

दुसरा आक्षेप घरोघर ऐकू येतो: ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, त्याने भ्यावे कशाला? परंतु घराला दार असते ते चोरीचा माल ठेवण्यासाठी नव्हे. आजारी माणसाचा वैद्याशी, अशिलाचा वकिलाशी, भक्ताचा देवाशी चाललेला संवाद निर्दोष असूनही खाजगी असतो. शिवाय कोणती गोष्ट लपवण्यासारखी हे नोंद झालेला माणूस ठरवत नाही. ती नोंद पुढे ज्याच्या हाती पडेल तो ठरवतो. आज निरुपद्रवी असलेले वाचन उद्याच्या सत्तेला संशयास्पद वाटू शकते, आणि वही तर माळ्यावर तशीच असते.

तंत्रज्ञानाने या माळ्याला मर्यादाच ठेवली नाही. २०२१ मध्ये पेगॅसस या परदेशी प्रणालीने भारतातील पत्रकार आणि कार्यकर्ते यांच्या मोबाइलमध्ये शिरकाव केल्याचे आरोप झाले. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की सरकारला प्रत्येक वेळी मोकळीक मिळत नाही, असे बजावून सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती नेमली. तपासलेल्या २९ मोबाइलपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने समितीशी सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. नागरिकाला आपल्यावर नजर होती की नव्हती हेच कळू शकले नाही. खरक सिंगला निदान शिपायाची हाक ऐकू येत होती.

सरकारइतकाच मालकही आज पाहतो. हजेरीपट पूर्वीही होता. मस्टरवर सही, कारखान्याचा भोंगा, मुकादमाची नजर. पण भोंगा वाजला की माणूस आपल्या घरचा होई. नागपूर, चंडीगड आणि पंचकुला येथील महानगरपालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगाराचे ठिकाण कार्यालयात क्षणोक्षणी दिसू लागले. घड्याळ बिघडले तर पगार कापला जाण्याची धास्ती आणि नैसर्गिक विधीसाठी बाजूला जाण्याचाही संकोच, अशी गाऱ्हाणी कामगारांनी मांडली. १ जानेवारी २०२३ पासून ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची दिवसातून दोनदा स्थळाची खूण असलेली छायाचित्रे काढून हजेरी लावणे बंधनकारक झाले. खोटी हजेरी रोखण्याचा हेतू योग्यच होता. पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे राबूनही हजेरी लागेना आणि मजुरी अडकू लागली. या उदाहरणांत ध्यानात घ्यावे असे हे, की नजर पहिल्यांदा पडते ती झाडूवाल्यावर आणि खडी फोडणाऱ्या बाईवर, ज्यांना नाही म्हणण्याची सोय नसते. कचेरीतल्या साहेबाचे घड्याळ अजून त्याचेच असते.

युरोपात रुमानियातील एका अभियंत्याचे प्रकरण या बाबतीत उद्बोधक आहे. कचेरीच्या संगणकावरून त्याने भावाशी आणि भावी पत्नीशी केलेला खाजगी पत्रव्यवहार मालकाने वाचला व त्याला कामावरून काढले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सप्टेंबर २०१७ मध्ये निर्णय दिला की मालकाचे नियम कामगाराचे खाजगी जीवन शून्यावर आणू शकत नाहीत. नजर ठेवायची तर आधी सांगावे, कारण द्यावे, आणि सौम्य उपाय असेल तर तोच योजावा. भारतात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला काही हक्क जरूर दिले. तथापि त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा आहे, आणि केंद्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या कायद्यातून सूट देता येते. सरकार आणि मालक हेच दोन मोठे नोंदवहीवाले. आणि त्यांच्यासाठीच दार किलकिले ठेवलेले आहे.

कायद्याचे दार असे असताना वह्या सांभाळणाऱ्यांनी काय करावे? याचे एक उत्तर ग्रंथालयांनीच दिले आहे. अमेरिकेत कोणता परदेशी वाचक कोणती शास्त्रीय पुस्तके पाहतो याची विचारपूस तेथील केंद्रीय पोलीस ग्रंथालयांतून करीत असल्याचे १९८७ मध्ये उघड झाले. ग्रंथपालांच्या संघटनेने त्यास विरोध केला. २००१ च्या हल्ल्यानंतर तपास यंत्रणांचे अधिकार फार वाढले. २००५ मध्ये कनेटिकट राज्यातील चार ग्रंथालय-सेवकांना संगणक-वापराची माहिती देण्याचा, न्यायाधीशाच्या सहीवाचून काढलेला आणि ज्याची वाच्यताही करू नये असा, हुकूम आला. ते न्यायालयात गेले. २००६ मध्ये सरकारने मौनाचा आग्रह सोडला आणि माहितीची मागणीही मागे घेतली. दरम्यान अनेक ग्रंथालयांनी पुस्तक परत येताच नोंद पुसून टाकण्याचा नियमच केला. जी नोंद नाही ती कोणी मागू शकत नाही. नीना ब्राऊन यांच्या पेटीची शिस्त त्यांनी संगणकात आणली.

याच कनेटिकटमधील न्यू हेवन येथून सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले आणि त्यांच्या हस्ते संस्थानातील सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली. शेजारच्या मराठी ग्रंथालयांनी त्या घडीतून वर्गीकरण घेतले, फिरती पुस्तकपेटी घेतली. आता वाचकाच्या विश्वासाची ही शिस्तही घेण्याची वेळ आली आहे. कारण ठिकठिकाणी तिकिटांच्या पेट्या अडगळीत जात आहेत आणि त्यांच्या जागी संगणक येत आहेत. संगणक आपण होऊन काही विसरत नाही. त्याला विसरायला सांगावे लागते. वाचनकक्षात कॅमेरे बसतात ते पुस्तकचोरी थांबावी म्हणून; ते पानावर काय आहे हेही टिपतात.

म्हणून शताब्दीच्या वर्षी कार्यकारी मंडळांनी एक छोटा ठराव करावा, असे सुचवावेसे वाटते. पुस्तक परत आले आणि दंड भरला गेला की सभासदाच्या नावावरील नोंद पुसावी. किती प्रती गेल्या, कोणता विषय अधिक वाचला जातो, हे आकडे नावावाचून ठेवावेत. अनुदानाच्या कागदपत्रांना तेवढे पुरते. कॅमेऱ्याचे चित्रण थोड्या दिवसांत नष्ट करावे आणि ते कोण पाहू शकतो हे सूचनाफलकावर लिहावे. अधिकाऱ्याने सभासदाची माहिती मागितल्यास लेखी हुकूम आणि कायद्याचे कलम यांवाचून ती देऊ नये, व मागणी आल्याची नोंद मात्र कायम ठेवावी. ग्रंथालयाच्या सेवकांनाही हाच न्याय लावावा. त्यांच्या हजेरीसाठी जेवढे लागते तेवढेच टिपावे.

देशातील पाळतीचा प्रश्न एका ग्रंथालयाच्या ठरावाने सुटणार नाही. पण नोंद कशासाठी घेतली, किती काळ ठेवली आणि कोणाला दाखवली, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय सभासदाला इथे लागली, तर तो ते बँकेत, कचेरीत आणि पोलीस ठाण्यातही विचारील. ज्या वाचकांनी शंभर वर्षे या संस्थेवर पुस्तकांपेक्षा मोठी ठेव ठेवली, त्यांच्या विश्वासाला जागणे हे पुढील शतकाचे पहिले काम आहे.